शंभर टक्के कम्प्लीट!

साहेबांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर एक भलामोठा गोल, काठोकाठ हिरवा. खाली नावांची यादी आणि प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण. चौतीसपैकी चौतीस.

‘बघा मॅडम, शंभर टक्के कम्प्लीट! पुण्या-मुंबईच्या ऑफिसात तरी होते का एवढं?’

साहेबांचा अभिमान खोटा नव्हता. सक्करदरा चौकापासून उमरेड रोडला लागलं की एका भांड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या पतसंस्थेचं हेड ऑफिस आहे. (नाव विचारू नका, त्याच अटीवर हे छापायची परवानगी मिळालीय.) चार शाखा, चौतीस माणसं, शिवाय दुकानोदुकानी फिरून रोजची बचत गोळा करणारे एजंट. अशा ऑफिसनं सायबर सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स घ्यावा आणि सगळ्यांनी तो महिन्याभरात संपवावा, हे भारीच की!

फक्त एक गडबड होती. त्याच आठवड्यात, त्याच मजल्यावर, अकाउंट्स सांभाळणाऱ्या काकांनी संस्थेच्या खात्यातून चाळीस हजार रुपये भलत्याच माणसाला पाठवून दिले होते. व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. डीपी साहेबांचा. ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, या खात्यावर तातडीनं टाका.’ काकांनी टाकले. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लागेस्तोवर संध्याकाळ झाली होती आणि पैसे केव्हाच पुढे सरकले होते.

हिरव्या यादीत मी काकांचं नाव शोधलं. ‘फसवे मेसेज कसे ओळखाल’ या धड्यात त्यांना होते ९६ मार्क.

‘मीच करून टाकले जी!’

माझं तिथे काम तसं किरकोळ होतं. त्या कोर्सचं इंग्रजी स्क्रिप्ट मराठीत करून द्यायचं. फ्रीलान्सिंगमध्ये महिन्याचा रिचार्ज आणि पेट्रोल अशाच कामांतून निघतं. (मास कॉमच्या वर्गात हे कुणी सांगत नाही.) पण ते ९६ मार्क काही डोक्यातून जाईनात. म्हणून खाली टपरीवर तर्री पोहे खाताना काकांनाच विचारलं.

‘कोणता कोर्स?’ काका म्हणाले.

विनोद नव्हता तो. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या पोरीला गाठलं. बावीस-तेवीसची, बीसीए झालेली, ऑफिसमधली एकमेव ‘टेक्निकल’ व्यक्ती. तिनं अगदी सहज सांगितलं, ‘ते का? मीच करून टाकले जी सगळ्यायचे. साहेब म्हणे तीस तारखेच्या आत झाले पायजे. इथं कोणाले टाइम आहे? पयले दोन-तीन वाचून केले, मंग उत्तरं पाठच झाली.’

‘साहेबांचाही?’

‘त्यायचा तर सगळ्यात पयले केला!’

हसू आलं ना? मलाही आलं. पुढची गोष्ट कळली तेव्हा मात्र थांबलं. काकांना मेमो निघणार होता. ‘विषयाचे रीतसर प्रशिक्षण घेऊन, ९६ गुण मिळवूनही निष्काळजीपणा केला.’ चाळीस हजारांची वसुली पगारातून करायची, असाही एक प्रस्ताव होता. काकांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. ज्या कोर्सचं त्यांना नावही ठाऊक नव्हतं, त्याचं सर्टिफिकेट आता त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून फाइलला लागणार होतं.

ऑनलाइन ट्रेनिंग फसलं तर काय, पैसे वाया जातील, असं मला वाटायचं. पैसे वाया जाणं हा त्यातला स्वस्त भाग आहे.

नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट...

‘छे, आमच्या ऑफिसात असलं काही नाही,’ असं म्हणत असाल तर जरा आठवा. मागच्या वेळी लैंगिक छळ प्रतिबंधाचं ऑनलाइन मॉड्यूल आलं तेव्हा तुम्ही काय केलं होतं? मिहानमध्ये नोकरी करणारी माझी एक मैत्रीण एका खिडकीत तो व्हिडिओ म्यूट करून लावते आणि दुसऱ्या खिडकीत एक्सेल शीट. दर दोन मिनिटांनी ‘नेक्स्ट’. कायदा २०१३ चा, विषय बायकांच्या सुरक्षेचा, ती स्वतः बाई, तरी नेक्स्ट! तिला दोष देत नाही मी. त्याच दिवशी तिची डेडलाइन होती आणि मॉड्यूलसाठी वेगळा वेळ कुणीच दिला नव्हता.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये अर्धवट सोडलेले ऑनलाइन कोर्स लोणच्याच्या बरण्यांसारखे रांगेत ठेवलेत. लॉकडाऊनमध्ये तर डेटा जर्नलिझमपासून कोरियन भाषेपर्यंत सगळ्याला नाव नोंदवलं होतं.

जगाचंही हेच आहे म्हणा. एमआयटी आणि हार्वर्डनं एडेक्सवर चालवलेल्या मोफत कोर्सेसच्या आकडेवारीचा एक अभ्यास २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी कोर्स एकदाही उघडून पाहिला नव्हता. २०१७-१८ मध्ये सगळे मिळून पूर्ण करणारे होते जेमतेम ३ टक्के. स्वतःच्या मर्जीनं आलेल्यांची ही गत! ऑफिसात निदान साहेबांचा धाक असतो, त्यामुळे कोर्स पूर्ण होतो. कोण पूर्ण करतं हे धाकाला बघता येत नाही, एवढंच.

आणि हा मामला आता लहान राहिलेला नाही. केंद्र सरकारनं २ सप्टेंबर २०२० ला ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केलं तेव्हा सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचारी आणि पाच वर्षांत ५१०.८६ कोटी रुपये असा त्याचा आवाका होता. ऑक्टोबर २०२४ मधल्या कर्मयोगी सप्ताहात प्रत्येकानं निदान चार तास शिकावं असं लक्ष्य होतं. सहकारी संस्थांनाही सुटका नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१३ साली कलम २४-अ आलं, त्यात सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांच्या शिक्षण-प्रशिक्षणाची तरतूद आहे. म्हणजे आमच्या पतसंस्थेला ट्रेनिंग दाखवायचंच होतं. ‘दाखवायचं’ या शब्दातच सगळी गोम आहे.

आई आणि माऊस

आता जरा मागे जाऊ. आपल्या राज्यानं अख्ख्या सरकारी यंत्रणेला कॉम्प्युटर शिकवायला घेतलं होतं, तो काळ.

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि त्याच वर्षी एमएस-सीआयटी सुरू झालं. पुढे गल्लोगल्ली त्याची सेंटर निघाली. आमच्या सक्करदऱ्यात बुधवार बाजारातून भाजी घेऊन घरी येताना वाटेत पाटी दिसायचीच. सरकारी कर्मचाऱ्यांना, शिक्षकांना संगणक अर्हता सक्तीची झाली. ३१ डिसेंबर २००७ ही मुदत ठरली. जे राहिले त्यांच्या वेतनवाढींची भांडणं पुढे कित्येक वर्षं चालली.

माझी आई शिक्षिका. तिनं २००६ मध्ये एमएस-सीआयटी केलं तेव्हा मी तिसरीत होते. तिच्यासोबत सेंटरवर जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. माऊस तिच्या हातात असा असायचा जणू जिवंत उंदीरच! धडे कॉम्प्युटरमध्येच होते. ती हेडफोन लावून ऐकायची, मग करून बघायची. शिकवणारा पोरगा जेमतेम एकोणीस-वीसचा, तो मागे फिरत असायचा. अडलं की यायचा, ‘मॅडम, डबल क्लिक, पण घाई करा थोडी,’ म्हणायचा आणि पुढे जायचा. घरी येऊन आई कॅलेंडरच्या पाठीमागे कीबोर्ड काढून बोटं फिरवायची. पास झाली तेव्हा संत्रा बर्फी वाटली होती.

हे सगळं आता आठवलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तेव्हा इंटरनेट कासवाच्या चालीचं, घरोघरी कॉम्प्युटर नाहीत, शिकणारी बाई चाळिशीकडे झुकलेली. कागदावर ती ‘तयार’ नव्हतीच. पण सेंटरमध्ये तिच्यासाठी एक खुर्ची होती, संध्याकाळचा ठरलेला तास होता, चालू मशीन होतं, मराठीत बोलणारा धडा होता आणि हाक मारली तर येणारा माणूस होता. परीक्षेला तिला स्वतःलाच बसावं लागत होतं.

त्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनी, करोनाच्या काळात, शिक्षकांची प्रशिक्षणंही ऑनलाइन आली. देशभरातल्या प्राथमिक शिक्षकांचं ‘निष्ठा’ प्रशिक्षण २०१९ साली समोरासमोर सुरू झालं होतं, तेही २०२० मध्ये ‘दीक्षा’वर गेलं. आता आईकडे स्मार्टफोन होता, घरी वायफाय होतं, माऊसची भीती नव्हती. कागदावर शंभर टक्के तयार! अशाच एका ऑनलाइन प्रशिक्षणात आई रात्री साडेदहाला ओटा आवरून सोफ्यावर बसली. पहिला व्हिडिओ चालू झाला. दहा मिनिटांत तिला डुलकी लागली. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या कुठल्याशा ग्रुपवर उत्तरांची पीडीएफ आली होती.

माझी आई वर्गात कॉपी पकडणारी बाई आहे हो. त्या पीडीएफकडे बघत ती कितीतरी वेळ गप्प बसली होती.

तयारी मोजायची कशी?

तर, मेमोची गोष्ट कळल्यावर मी साहेबांना म्हटलं, लायसन्स रिन्यू करायच्या आधी मला आठ दिवस द्या, तुमचं ऑफिस ऑनलाइन ट्रेनिंगला तयार आहे का ते बघते. ते म्हणाले, ‘तुम्ही तर ट्रान्सलेशनवाल्या ना?’ पण दिले. चाळीस हजार गेल्यावर माणूस थोडा ऐकतो.

याचं रीतसर शास्त्र आहे बरं का. सामंथा चॅपनिक या अमेरिकन बाईंनी २००० साली यासाठी एक प्रश्नावली मांडली होती. त्यात आठ बाजू होत्या: मानसिक, सामाजिक, आजूबाजूचं वातावरण, मनुष्यबळ, पैसा, तांत्रिक कौशल्य, साधनं आणि शिकवायचा मजकूर. बहुतेक ऑफिसं त्यातल्या दोनच बघतात, पैसा आणि साधनं. कंप्युटर आहेत? आहेत. बजेट आहे? आहे. चला, सुरू करा!

साधनांपासूनच मी सुरुवात केली, कारण ती मोजायला सोपी. आणि तिथेच पहिला धक्का. कॉम्प्युटर होते, पण प्रत्येकावर दिवसभर ग्राहकांची खाती उघडी. हेडफोन अख्ख्या ऑफिसात एक, तोही साहेबांच्या मुलाचा विसरलेला. म्हणजे व्हिडिओ लावायचा तर स्पीकरवर, समोर पासबुक घेऊन उभ्या असलेल्या आजींना ऐकवत! सगळ्यांचे लॉगिन त्या पोरीनंच बनवलेले, पासवर्ड एका वहीत, सगळ्यांचा एकच, संस्थेचं नाव आणि पुढे १२३. सायबर सुरक्षेच्या कोर्सचे पासवर्ड असे! आणि बचत गोळा करणारे एजंट, जे दिवसभर रोकड आणि मोबाइल घेऊन हिंडतात, ज्यांना फसवणुकीचा धोका सगळ्यात जास्त, ते यादीतच नव्हते. ‘ते आपले पगारी स्टाफ नाहीत ना,’ इति साहेब.

साधनांच्या बाबतीत आपण शहरी लोक फार गृहीत धरतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या शहरी घरांपैकी २३.४ टक्के घरांतच कॉम्प्युटर होता आणि ग्रामीण भागात ४.४ टक्के. त्यानंतर मोबाइल आणि डेटा घरोघरी पोचला हे खरं. पण मोबाइलवर रील बघता येणं आणि पंचेचाळीस मिनिटांचा धडा करता येणं यात बरंच अंतर आहे.

मग कौशल्य. मी एक फॉर्म वाटला, एक ते पाच मार्कांचा. ‘मला कॉम्प्युटर वापरता येतो.’ जवळजवळ सगळ्यांनी पाच लिहिले. का नाही लिहिणार? वर नाव लिहायला जागा होती आणि फॉर्म साहेबांच्या टेबलावर जमा करायचा होता. चूक माझीच. दुसऱ्यांदा नाव काढून टाकलं आणि प्रश्नांऐवजी छोटी कामं दिली. आलेला मेल उघडा, त्यातली फाइल उतरवून घ्या, तिचं नाव बदला, स्वतःचा पासवर्ड बदला. अर्ध्याहून थोड्या जास्त लोकांना जमलं, काहींना शेजाऱ्याची मदत लागली आणि काही जण मॉनिटरसमोर नुसते बसून राहिले. त्यात काका होते. आणि गंमत म्हणजे, एक पंचविशीतला पोरगाही होता! मोबाइलवर त्याचा हात विजेसारखा चालतो, पण मेलला जोडलेली फाइल कुठे जाते हे त्याला ठाऊक नव्हतं. ‘तरुण म्हणजे आपोआप तयार’ हा समज त्या दिवशी माझ्यापुरता संपला.

अशा प्रश्नावल्यांमध्ये सरासरी काढायची पद्धत असते. तुर्कस्तानातल्या आयडिन आणि तास्ची या दोघांनी २००५ मध्ये इस्तंबूलच्या कंपन्यांवर असा अभ्यास केला होता, त्यात पाचपैकी ३.४ ही तयारीची किमान रेषा मानली होती. रेषा असायला हरकत नाही. पण चौतीस माणसांच्या ऑफिसात सरासरी मला धोकादायक वाटते. त्या बीसीएवाल्या पोरीचे पाच आणि काकांचा एक, सरासरी तीन. ‘तीन’ असलेला माणूस त्या ऑफिसात कुठेच बसत नाही.

वेळ कुणाचा?

वेळेचा हिशेब करायला मी तीन दिवस काउंटरच्या मागे खुर्ची टाकून बसले. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत तर पाणी प्यायला उसंत नसते. साडेतीननंतर गर्दी कमी होते, पण मग कॅश जुळवायची असते आणि एजंट दिवसभराची रक्कम घेऊन येतात. बुधवारी बाजारामुळे आणखी वर्दळ. ‘मग घरी करायचं की,’ साहेब म्हणाले. काउंटरवरच्या एका ताईंनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी विसरणार नाही. त्या दिघोरीहून येतात. घरी गेल्यावर सासूबाईंचं औषध, मुलीचा अभ्यास, स्वयंपाक. रात्री साडेदहाचा तो सोफा मला परत दिसला.

कोर्सला ट्रेनर लागत नाही, हॉल लागत नाही, चहा-समोसा लागत नाही म्हणून तो स्वस्त, असं विकणारे सांगतात. खर्च गायब होत नाही. तो कर्मचाऱ्याच्या झोपेवर टाकला जातो, तिथे त्याचं बिल येत नाही. म्हणून मी तयारीचा पहिला प्रश्न हा ठेवते: या ट्रेनिंगसाठी ऑफिसच्या वेळेतला कुठला तास मोकळा करणार आणि त्या तासाला काउंटर कोण सांभाळणार? याचं उत्तर नावासकट आणि वारासकट मिळालं नाही, तर बाकीची प्रश्नावली भरायची तसदी घेऊ नये.

मजकुराचं तर विचारूच नका. धड्यात उदाहरणं अमेरिकन क्रेडिट कार्डांची, ‘जॉन’ला आलेल्या ईमेलची. आपल्याकडे फसवणूक येते ती ‘वीजबिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन कापलं जाईल’ या मेसेजमधून, २०२२ मध्ये हे मेसेज कितीतरी मोबाइलवर धडकले होते. किंवा येते साहेबांच्या डीपीतून. मी नुसतं भाषांतर केलं असतं तर जॉनचा जनार्दन झाला असता, बाकी काहीच बदललं नसतं.

माहीत होतं, पण...

शेवटी काकांशी नीट बोलले. संध्याकाळी, सक्करदरा तलावाच्या बाजूनं चालत चालत.

‘काका, मेसेज खोटा असेल अशी शंकासुद्धा आली नाही?’

‘आली न ताई. साहेब कधी असे लिवत नाही. नंबरही नवा होता.’

‘मग फोन का नाही केला?’

काका थांबले. ‘साहेबाले फोन करून इचारू, का तुमीच हाव का म्हणून? आमच्याइथं कोणी इचारत नाही तसं. एकदा मी एका चेकबद्दल दोनदा इचारलं होतं, तं सगळ्यायसमोर म्हणे, काका, एकदा सांगितलं समजत नाही का? तेव्हापासून मी दुसऱ्यांदा इचारतच नाही.’

ट्रेनिंगच्या क्षेत्रात रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांचं १९७० सालचं एक पुस्तक प्रसिद्ध आहे, त्यातली एक कसोटी अशी की, जीव पणाला लागला असता तर या माणसाला ते काम जमलं असतं का? जमलं असतं, तर अडचण शिकवण्याची नाहीच, दुसरीकडे कुठेतरी आहे. काकांना शंका आली होती. म्हणजे त्यांना ओळखता येत होतं! कोर्स त्यांनी खरोखर केला असता, खरेच ९६ मिळवले असते, तरीही पैसे गेलेच असते असं मला वाटतं. चॅपनिकबाईंच्या यादीतली ‘सामाजिक’ बाजू वाचताना फार पुस्तकी वाटते. सक्करदऱ्यात तिचा अर्थ एवढाच, की साहेबांना उलटून विचारायची सोय आहे का?

काही गोष्टी ऑनलाइन शिकवायच्याच नसतात, हेही मान्य करायला हवं. आपल्या नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, १९५६ पासूनचं. आगीचे प्रकार, रसायनं, नियम हे सगळं स्क्रीनवर शिकता येईल. पण पाण्याच्या दाबानं उसळणारा होज पाइप धरणं? तो हातातच धरावा लागतो. संशयास्पद फोन कापणं, साहेबांना ‘थांबा’ म्हणणं, हे मला त्या पाइपच्या जातीचं वाटतं. त्याची रंगीत तालीम करावी लागते.

सर्टिफिकेटचं काय झालं?

माझा रिपोर्ट दोन पानांचा होता. त्यात लिहिलं, की आत्ता तयार नाही, पण चार महिन्यांत होऊ शकता. पाच जणांपासून सुरुवात करा, आणि हौशी पाच नकोत, मॉनिटरसमोर नुसते बसलेल्यांपैकी घ्या. शनिवारी दुपारी एक तास काउंटर बंद, बाहेर तशी पाटी. सहा हेडफोन. एजंटांना यादीत घ्या, त्यांचे धडे मोबाइलवर आणि पाच-पाच मिनिटांचे. त्या पोरीला ‘सगळ्यांचे करून टाकणारी’ऐवजी अडलं तर मदत करणारी नेमा आणि त्याचा तिला भत्ता द्या. आणि जुने चौतीसच्या चौतीस निकाल रद्द करा, साहेबांच्यासकट.

शेवटच्या मुद्द्यावर साहेब अडले. कलम २४-अ, ऑडिट, संचालक मंडळाला दाखवलेला तो हिरवा गोल... सगळं बाहेर आलं. मी काही वकील नाही. एवढंच म्हटलं, की उद्या काकांनी मेमोच्या उत्तरात ‘परीक्षा मी दिलीच नव्हती’ असं लिहून दिलं, तर कुणाला त्रास होईल?

साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले.

मेमो मागे घेतला. वसुलीचा प्रस्ताव अजून संचालक मंडळाकडे आहे, पुढच्या मीटिंगमध्ये बघू असं दोनदा झालंय. रद्द झालेल्या निकालांच्या जागी आता खरे निकाल येताहेत आणि तो गोल सध्या निम्मासुद्धा हिरवा नाही. ऑडिटरनं कारण विचारलं तर काय सांगायचं यावर साहेबांची झोप उडालेली आहे. काकांना फसव्या मेसेजच्या धड्यात पहिल्यांदा ५८ मिळाले. ते म्हणाले, ‘इंग्रजीतले दोन प्रश्न समजले नाही, नाहीतर पासष्ट होते.’ ते दोन प्रश्न मराठीत करायचे माझ्याकडून राहून गेले होते.

मागच्या शनिवारी त्याच कामासाठी मी साहेबांच्या केबिनमध्ये बसले होते. फोन वाजला. काचेपलीकडून काका बोलत होते, टेबलावरूनच, दहा फुटांवरून. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून फोन उचलला.

‘साहेब, तीन हजाराच्या स्टेशनरी बिलाचा मेसेज आला आता. तुमीच पाठवला का?’

साहेबांनी काचेतून त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘हो काका,’ ते म्हणाले. ‘मीच.’